चेंडू वानखेडेवर, वाटा नागपूरला

एक चेंडू टाकायला वेळ तो किती लागतो? गोलंदाज धावत आला, हात फिरला, बॅटचा आवाज आला, झालं. आयपीएलमध्ये एवढ्याशा वेळाची किंमत साधारण ४९ लाख रुपये आहे.

आकडा खोटा वाटतो, म्हणून हिशेब इथेच करून टाकू. जून २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळानं, म्हणजे बीसीसीआयनं, आयपीएलच्या प्रसारणाचे हक्क ई-लिलावात विकले. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे मिळून ४८,३९० कोटी रुपये आले. लिलावात पाच वर्षांचे जास्तीत जास्त ४१० सामने धरले होते. भागाकार करा, एका सामन्याचे ११८ कोटी होतात. दोन्ही डाव पूर्ण झाले तर सामन्यात २४० चेंडू पडतात. पुन्हा भागाकार करा, एका चेंडूचे ४९ लाख.

आता वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाला या. तालुका मालेगाव, नाशिककडचं मालेगाव वेगळं, हे आपल्या वऱ्हाडातलं. एप्रिल महिना आहे, सोयाबीन कधीच विकून झालंय, हरभराही निघालाय, आणि दिवसभराचं ऊन उतरल्यावर पारावर चार पोरं एका मोबाईलभोवती बसली आहेत. वानखेडेवर सामना चाललाय. तो ११८ कोटींचा आकडा कोणी दिला? प्रसारण कंपनीनं दिला. कंपनीला तो कोणी दिला? जाहिरातदारानं. आणि जाहिरातदारानं तो कशासाठी दिला? या चार पोरांच्या नजरेसाठी! त्याच लिलावात भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि मोबाईलवर दाखवायचे मुख्य हक्क २०,५०० कोटींना. म्हणजे पारावरचा मोबाईल दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या जवळजवळ बरोबरीला आला.

तर मग प्रश्न असा, की या पोरांच्या नजरेतून जमा झालेला पैसा जातो कुठे? त्यातला काही विदर्भाकडे परत येतो का? येतो. पण ज्या वाटेनं येतो ती वाट इतकी नवलाची आहे, की तिच्या प्रत्येक वळणावर थांबावंसं वाटतं.

पहिलं वळण संघांचं. प्रसारणाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा आयपीएलच्या दहा संघांना जातो, आणि त्यातला बहुतेक भाग सारखा वाटला जातो. ४८,३९० कोटींचे पाच भाग केले की वर्षाला ९,६७८ कोटी. त्यातले निम्मे, आणि त्याचे दहा वाटे. एका संघाच्या वाट्याला वर्षाला पावणेपाचशे कोटींच्या आसपास रक्कम येते. आणि चषक जिंकणाऱ्या संघाचं बक्षीस किती? २० कोटी. उपविजेत्याचं साडेबारा कोटी. जिंकण्याचं मोल हे नुसतं खेळायला उभं राहण्याच्या मोलापुढे किती लहान आहे! गुणतक्त्यात तळाला बसलेला संघही प्रसारणाच्या पैशापुरता विजेत्याच्या जवळपास बरोबरीनं घरी जातो.

हे कोणाला अन्यायाचं वाटेल. पण क्षणभर विचार करा, प्रेक्षक विकत काय घेतो? मुंबई इंडियन्सचे अकरा जण मैदानात एकटेच उभे राहिले तर ते बघायला कोण येईल? विकला जातो तो सामना, आणि सामन्याला समोर कोणीतरी लागतं. समोरचा जितका तुल्यबळ, तितका सामना रंगतदार आणि तितका जाहिरातीचा दर चढा. कारखानदाराला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंद होतो. खेळातल्या मालकाला मात्र प्रतिस्पर्धी जिवंत आणि धडधाकट हवा असतो. व्यापाराच्या जगात असा धंदा दुसरा शोधून सापडणार नाही, आणि पुढचं सगळं वाटणीशास्त्र याच एका विचित्र गरजेतून जन्माला आलंय.

दुसरं वळण मंडळाच्या उरलेल्या पैशाचं, आणि इथे गोष्ट आपल्या घराजवळ येते.

बीसीसीआय ही मुळात राज्य संघटनांची संघटना आहे. १९२८ साली ती स्थापन झाली. तिचे सदस्य म्हणजे मुंबई, विदर्भ, कर्नाटक, तामिळनाडू अशा संघटना. मंडळ सामने विकतं, पण मैदानं संघटनांची, खेळाडू घडवले त्यांनी. म्हणून आयपीएल सोडून बाकीच्या सामन्यांच्या प्रसारणाच्या उत्पन्नातला ७० टक्के भाग राज्य संघटनांना द्यायचा, अशी रीत मंडळात पडली. संघटनांच्या जमाखर्चात त्याची नोंद ‘टीव्ही सबसिडी’ म्हणून येते, आणि आयपीएलच्या नफ्यातून मिळणारा वाटा ‘आयपीएल सबव्हेन्शन’ म्हणून. नावं कोरडी आहेत. पण त्यांच्या मागचा नियम ऐकलात तर थक्क व्हाल. पूर्ण सदस्य असलेल्या संघटनांना हा वाटा सारखा!

मुंबईनं रणजी करंडक ४२ वेळा जिंकलाय. गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर, रोहित शर्मा तिथले. वानखेडे तिथलं. मुंबई इंडियन्स तिथली. विदर्भाकडे आयपीएलचा संघ आजही नाही, आणि २०१७ सालापर्यंत रणजीचा अंतिम सामनाही विदर्भानं पाहिला नव्हता. तरी वाटणीच्या ताटात दोघांना एकच माप. आयपीएलचा सामना भरवल्याबद्दल यजमान संघटनेला वेगळे पैसे मिळतात, हे खरं. २०२० साली ही रक्कम सामन्यामागे एक कोटी झाली, निम्मी संघमालकाकडून आणि निम्मी मंडळाकडून. घरचे सात सामने म्हणजे मुंबईला सात कोटी. पण मुख्य ओघासमोर ही रक्कम किरकोळ आहे.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. महाराष्ट्र एक राज्य, मग त्याला वाटे तीन का? मुंबईचा एक, पुण्याला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचा एक आणि नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा एक. उत्तर प्रदेशाची लोकसंख्या आपल्याहून कितीतरी मोठी, त्याला वाटा एकच.

याचं उत्तर क्रिकेटच्या पुस्तकात सापडत नाही. ते वऱ्हाडाच्या इतिहासात आहे. १९०२ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला आणि १९०३ साली तो नागपूरच्या मध्य प्रांताला जोडला. तेव्हा वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी दप्तरात त्याचं नाव ‘बासिम’ असं लिहीत. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला, आणि पुन्हा वेगळा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा या भागाचा संघ ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या नावानं उतरला. १९५६ साली राज्यं भाषेनुसार नव्यानं मांडली गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी खेळू लागला. १९६० साली महाराष्ट्र झाला. राजकीय नकाशा दर काही वर्षांनी पुसून नव्यानं काढला गेला, क्रिकेटचा नकाशा मात्र १९५७ नंतर तसाच राहिला.

जरा थांबून बघा काय झालं ते. निजामाशी झालेल्या एका करारानं किन्हीराजा नागपूरच्या बाजूला गेलं. त्या करारानंतर एकशेवीस वर्षांनी मुंबईत वातानुकूलित खोलीत संगणकावर बोली लागते, आणि त्या बोलीतला पैसा किन्हीराजाच्या दिशेनं वाहायला लागतो तेव्हा तो पुण्याकडे वळत नाही. तो त्या जुन्या रेषेनं नागपूरला जातो.

ही रेषा एकदा पुसली जाता जाता वाचली. आयपीएलमधल्या सट्टेबाजीच्या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांची समिती नेमली. जानेवारी २०१६ मध्ये समितीनं अहवाल दिला, आणि त्यातली एक शिफारस होती ‘एक राज्य, एक मत’. १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयानं ती मान्य केली. म्हणजे मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ या तिघांत मिळून एकच मत, आणि ते आळीपाळीनं वापरायचं! गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्रालाही तेच. मंडळ ऐकेना, तेव्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये लोढा समितीनं थेट बँकांना पत्र लिहिलं: मंडळाच्या खात्यातून राज्य संघटनांना मोठ्या रकमा देऊ नका. त्या दोन बँकांतली एक होती बँक ऑफ महाराष्ट्र. चारच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की सुधारणा मान्य करीपर्यंत संघटनांना पैसे नाहीत. क्रिकेट कसं सुधारायचं, यावर वर्षभर वाद चालला होता. नळ बंद केल्यावर कुठे सगळ्यांचे कान टवकारले. शेवटी ९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयानं आपली अट सैल केली आणि तिन्ही संघटना पुन्हा पूर्ण सदस्य झाल्या. इतिहासाला मान दिला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. माझ्या मते तो योग्य होता. एक मत तिघांत फिरवलं असतं तर दर तीन वर्षांतली दोन वर्षं नागपूरला खोलीबाहेर उभं राहावं लागलं असतं.

पण सारखा वाटा हाच एकमेव मार्ग आहे का? अजिबात नाही, आणि दुसरा मार्ग किती वेगळा असू शकतो हे बघायचं तर अमेरिकेला जायला हवं.

तिथे कॉलेजची पोरं फुटबॉल खेळतात. आपल्या फुटबॉलशी त्याचा संबंध नाही. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिलखत. विद्यापीठांचे गट असतात, त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हंगामाच्या शेवटी निवडक १२ संघांची बाद फेरी होते, आणि तिच्या प्रसारणाचे २०२६ पासून वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलर मिळतात. कॉलेजच्या स्पर्धेला! आता त्याची वाटणी बघा. ‘बिग टेन’ आणि ‘साउथईस्टर्न’ या दोन गटांना प्रत्येकी सुमारे २९ टक्के. ‘अटलांटिक कोस्ट’ला साधारण १७, ‘बिग ट्वेल्व्ह’ला साधारण १५. आणि बाकीचे लहान गट, ज्यांत साठहून अधिक विद्यापीठं आहेत, त्या सगळ्यांना मिळून सुमारे ९ टक्के. बिग टेनमधल्या एका विद्यापीठाला या एका स्पर्धेतून वर्षाला दोन कोटी डॉलरहून जास्त मिळतात. लहान गटातल्या विद्यापीठाला त्याच्या दहाव्या भागाएवढेही नाहीत.

आपल्याकडे खळ्यावर बलुत्याची वाटणी होई तेव्हा बलुतेदारांच्या तीन ओळी असत: थोरली, मधली, धाकटी. कोणाला किती पेंढ्या हे ओळीवरून ठरे, आणि ओळ ठरे शेतकऱ्याला त्या कामाची किती गरज यावरून.  अमेरिकेतली वाटणी वाचताना मला त्या ओळी आठवतात. एखाद्या वर्षी लहान गटातला संघ कितीही चांगला खेळला तरी गटाची ओळ बदलत नाही.

मग माणसं काय करतात? ओळ बदलतात! जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी जाहीर केलं, की आम्ही आपला ‘पॅक-ट्वेल्व्ह’ गट सोडून बिग टेनमध्ये चाललो. त्यांच्या मागोमाग रांग लागली आणि २०२४ पर्यंत त्या जुन्या गटातल्या बारापैकी दहा विद्यापीठांनी तो सोडला. पॅसिफिक महासागराच्या बाजूचं स्टॅनफर्ड विद्यापीठ आज कोणत्या गटात खेळतं, ठाऊक आहे? अटलांटिक कोस्ट, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्याच्या गटात. पैशाच्या वाटणीचा एक नियम भूगोलाला असा उलटा करू शकतो. तिथले संघ वाट्यासाठी घर बदलतात. विदर्भ क्रिकेट असोसिएशनला उद्या वाटलं, की कर्नाटकात सामील व्हावं, तर ते शक्यच नाही. जमीन तिच्या पायाला बांधलेली आहे.

आणि त्या अंडाकृती चेंडूमागे धावणाऱ्या पोरांना किती मिळत होतं? कित्येक दशकं शिष्यवृत्तीपलीकडे काहीच नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या एका तडजोडीनंतरच विद्यापीठांना खेळाडूंना थेट उत्पन्नातला वाटा देता येऊ लागला. आपल्याकडे मंडळाच्या उत्पन्नातले २६ टक्के खेळाडूंसाठी बाजूला काढायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे: त्यातले १३ टक्के आंतरराष्ट्रीय खेळाडूंना, १०.६ टक्के देशांतर्गत खेळणाऱ्यांना आणि उरलेले महिला आणि कनिष्ठ गटांना. महिलांचा तो उरलेला तुकडा फारच बारीक आहे, हे सांगितलंच पाहिजे.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट सांगतो. भारतात सारखं वाटणारं हेच मंडळ भारताबाहेर गेलं, की अगदी उलटा नियम मागतं.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा, म्हणजे आयसीसीचा पैसाही सदस्य देशांत वाटला जातो. २०१४ साली भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या तिघांनी मिळून एक मांडणी पुढे रेटली, तिला सगळे ‘बिग थ्री’ म्हणू लागले. तर्क असा, की पैसा आमच्या प्रेक्षकांमुळे येतो, तेव्हा मोठा वाटाही आमचाच. आणि ती मांडणी मोडून काढली कोणी? नागपूरच्या वकिलानं! शशांक मनोहर हे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे, बीसीसीआयचे दोनदा अध्यक्ष झालेले. ते आयसीसीचे प्रमुख असताना २०१७ साली परिषदेनं वाटणी पुन्हा मांडली आणि भारताचा वाटा कापला. बरीच ओढाताण होऊन आठ वर्षांसाठी ४० कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मुंबईच्या बरोबरीचा वाटा मिळणाऱ्या लहान संघटनेतून वर आलेला माणूस जगाच्या टेबलावर बसला, आणि झिम्बाब्वे, वेस्ट इंडिजसारख्यांच्या वाट्याचा विचार त्यानं केला. देशात अनेकांना ते रुचलं नाही. मला मात्र ते विदर्भाच्या इतिहासाशी सुसंगत वाटतं.

काटा पुन्हा फिरला. जुलै २०२३ मध्ये डर्बनला आयसीसीनं २०२४ ते २०२७ साठी नवी वाटणी मंजूर केली. त्यात भारताला ३८.५ टक्के, वर्षाला सुमारे २३ कोटी १० लाख डॉलर. दुसऱ्या क्रमांकावरच्या इंग्लंडला ७ टक्क्यांच्या आत. नव्वदहून अधिक सहयोगी देशांना सगळ्यांना मिळून ११ टक्क्यांच्या आसपास. पूर्वी आठ वर्षांत जे मिळायचं ते भारताला आता दोन वर्षांच्या आतच मिळतं. आयसीसीत ‘जो कमावतो त्याचं’ म्हणायचं आणि मुंबईत बसून ‘सगळ्यांना सारखं’ वाटायचं, हे दोन्ही एकाच संस्थेनं करायचं! जगाच्या बाबतीत मंडळानं आपला घरचाच नियम वापरला असता तर क्रिकेट आज किती देशांत रुजलं असतं, याचा विचार मला सोडत नाही.

कारण घरचा नियम काय करू शकतो ते आपण डोळ्यांनी पाहिलंय.

नागपूरजवळ जामठ्याचं मैदान २००८ साली कसोटी सामन्यासाठी खुलं झालं. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी. सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान होतंच, त्यात भर पडली. मैदानं, अकादमी, प्रशिक्षक असं एकेक उभं राहत गेलं. २०१७-१८ च्या हंगामात प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले आणि वासिम जाफर संघातच होता. दोघंही मुंबईचे! हंगामभर विदर्भाची पोरं खेळत राहिली आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला नमवून विदर्भानं रणजी करंडक जिंकला. पदार्पणानंतर साठ वर्षांनी. रजनीश गुरबानीनं त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली, आणि विजयाच्या धावा काढल्या जाफरनं. फैज फजल कर्णधार होता. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईनं अंतिम सामन्यात विदर्भाला १६९ धावांनी हरवलं. २०२५ च्या उपांत्य सामन्यात विदर्भानं नागपुरात त्याच मुंबईला ८० धावांनी हरवून हिशेब चुकता केला, मग केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक घेतला. त्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी कोणीच घेतले नव्हते.

पैशानं करंडक जिंकून दिला, असं मी म्हणणार नाही. तो खेळाडूंनी जिंकला. उमेश यादव कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. त्याचा वेग कोणत्या सबसिडीतून आलेला नाही. पण वेग असलेलं पोरगं चांगल्या खेळपट्टीपर्यंत पोचावं, त्याला प्रशिक्षक मिळावा, दुखापत झाली तर फिजिओ मिळावा, यासाठी संघटनेच्या खात्यात काहीतरी असावं लागतं. कमाईनुसार वाटलं असतं तर विदर्भाच्या खात्यात काय आलं असतं? आयपीएल संघ नसलेल्या, जाहिरातदार फारसे न फिरकणाऱ्या संघटनेला खुरडतच चालावं लागलं असतं, आणि मुंबईसमोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा राहिला नसता.

संघटनांच्या या पैशाबद्दल एक शंका सरकारच्या आयकर खात्याला आली होती. संघटना स्वतःला धर्मादाय म्हणवतात, पण हा एवढा पैसा धर्मादाय की धंदा? गुजरात, सौराष्ट्र, बडोदा या संघटनांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयानं सांगितलं, की या रकमांना नुसतं ‘सबसिडी’ नाव आहे म्हणून ते तसंच मानून चालणार नाही, त्यांचं स्वरूप नव्यानं तपासा. खुद्द बीसीसीआयनं २०२१-२२ या वर्षात ७,६०६ कोटींचं उत्पन्न दाखवून १,१५९ कोटींचा आयकर भरला, ही माहिती संसदेत दिली गेली.

आता शेवटचं वळण, आणि तिथे माझं कौतुक जरा थबकतं. लिलावाचा आकडा सगळ्या देशाला पाठ आहे. संघांचा वाटा नियमानं ठरलेला आहे. राज्य संघटनांचा वाटा नियमानं ठरलेला आहे. हे सगळं जगाला दिसेल असं. पण नागपूरहून पुढे? विदर्भात जिल्हे ११. अकोल्यानं अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरेसारखे खेळाडू दिले, तिथे क्लबची जुनी परंपरा आहे. वाशिमला ती तेवढी नाही, आणि मालेगाव तालुक्यातल्या पोराला टर्फची खेळपट्टी गाठायची तर आधी जिल्हा ओलांडायचा विचार करावा लागतो. मुंबई आणि विदर्भ यांच्यात जो समतेचा नियम लावला, तोच नागपूर आणि वाशिम यांच्यात लावायला कोणती अडचण आहे? ज्या तर्कानं मंडळानं विदर्भाला मुंबईच्या बरोबरीचा वाटा दिला, त्याच तर्कानं नागपूरनं वाशिमला द्यायला हवा. हा तर्क अर्ध्या वाटेत सोडून देता येत नाही.

या पैशाचं माप किन्हीराजाच्या अंगणात ठेवून बघा. २०२१ साली ठरलेल्या दरानं, चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या अनुभवी रणजीपटूला दिवसाला ६०,००० रुपये मिळतात. आयपीएलच्या एका चेंडूच्या प्रसारणाच्या किमतीत असा रणजीपटू ८१ दिवस खेळू शकतो. तेवढ्या पैशात एका तालुक्याच्या मैदानावर काय काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा. एक चेंडू, फक्त एक.

ऑगस्ट २०२५ मध्ये देशात राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्याच्या मूळ मसुद्यात सगळ्या मान्यताप्राप्त क्रीडा संस्था माहिती अधिकाराखाली येणार होत्या. मंजूर होताना ती तरतूद सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांपुरती उरली. बीसीसीआय सरकारकडून पैसे घेत नाही. तेव्हा विचारायचं ते कायद्याच्या आधाराशिवाय, प्रेक्षक म्हणून विचारावं लागेल. तो हक्क मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही, कारण विकली जाते ती आपलीच नजर.

२०२७ चा हंगाम संपला, की आयपीएलचे हक्क पुन्हा लिलावात येतील. त्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर एक भलामोठा आकडा छापून येईल. तो वाचा आणि मग विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा वार्षिक अहवाल मागवा. त्यात वाशिम जिल्ह्याच्या नावासमोर किती रक्कम लिहिली आहे ते बघा, आणि कमी वाटली तर नागपूरला पत्र लिहून कारण विचारा.